नवा नियम, जुनी संकेतस्थळे आणि मुदतीचा प्रश्न

एखादी सुधारणा हिताची आहे हे सर्वांना पटले, म्हणजे वाद संपला असे आपण समजतो. वस्तुतः खरा वाद तेथूनच सुरू होतो. ती सुधारणा केव्हा अमलात आणावी, एका रात्रीत आणावी की दमादमाने, आणि जे मागे राहतील त्यांना सवलत द्यावी की नाही, हे प्रश्न मागाहून उभे राहतात; आणि अनुभव असा की, सुधारणा फसते ती बहुधा याच प्रश्नांवर, मूळ तत्त्वावर क्वचितच.

आजचा आमचा विषय अशाच एका सुधारणेचा आहे. मोबाईलवर किंवा संगणकावर आपण ज्या साधनातून संकेतस्थळे पाहतो त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, सफारी, फायरफॉक्स ही त्यांतली परिचित नावे. वाचकाचा खासगीपणा जपावा म्हणून गेल्या काही वर्षांत या ब्राउझरांनी आपले नियम बदलले. नियम बदलले की जुन्या नियमांवर उभारलेली संकेतस्थळे अडखळतात. मग त्यांना जुळवून घेण्यास अवधी द्यावा काय, आणि द्यावा तर किती? धानोऱ्याच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडताना, हा शहरातल्या तंत्रज्ञांचा प्रश्न, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती स्वाभाविक आहे. पण सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, रेल्वेचे तिकीट आणि बँकेचे खाते ही सारी ज्या दिवशी संकेतस्थळावर गेली, त्या दिवशीच हा प्रश्न आपल्या उंबऱ्याशी आला.

एक साधा प्रसंग

एका ऑनलाइन केंद्रात पाहिलेला प्रसंग आम्हांला आठवतो. एक विद्यार्थिनी वडिलांबरोबर परीक्षेचा अर्ज भरण्यास आली होती. अर्ज भरून झाला. फी भरण्यासाठी बँकेचे पान उघडले, पैसे वळते झाल्याचा संदेश वडिलांच्या मोबाईलवर आला. पण बँकेच्या पानावरून परत येताच अर्जाचे संकेतस्थळ त्या मुलीला ओळखीनासे झाले. 'पुन्हा लॉग इन करा' एवढेच ते म्हणू लागले. वडिलांनी विचारले, "दादा, पैसे तर गेले, मग पावती कुठाय?" केंद्रचालक सरावलेला होता. त्याने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन-तीन बंधने काढून टाकली, सारा उद्योग पुन्हा केला, पावती हाती दिली आणि म्हणाला, "नवीन अपडेट आलं की असंच होतं, काका. म्हणून आम्ही हे बंदच ठेवतो." पहिल्या खेपेचे पैसे आठवड्याने परत आले.

या लहानशा प्रसंगात आपला सबंध विषय सामावला आहे. जी बंधने काढून टाकली गेली ती त्या मुलीच्याच रक्षणासाठी घातलेली होती. संकेतस्थळ त्यांसाठी तयार नव्हते. आणि दोघांच्या ओढाताणीत मार्ग निघाला तो हा की रक्षणच काढून टाकावे. तिच्या मागून त्या संगणकावर जे जे कोणी बसले, त्या सर्वांचे रक्षण त्याबरोबर गेले.

कुकी म्हणजे काय?

विषय नीट समजण्यासाठी कुकी हा शब्द समजून घ्यावा लागतो. संकेतस्थळाला स्वभावतः स्मरणशक्ती नसते. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना आपण तेच गृहस्थ आहोत हे त्याला कळत नाही. पिठाच्या गिरणीत डबा ठेवला की गिरणीवाला त्यावर खडूने नंबर घालतो आणि त्या नंबरावर आपले दळण आपल्याला परत देतो. त्याचप्रमाणे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरकडे एक चिठ्ठी ठेवावयास देते. पुढच्या पानावर जाताना ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो आणि संकेतस्थळाला ओळख पटते. या चिठ्ठीला कुकी म्हणतात. नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली या अभियंत्याने १९९४ मध्ये ही युक्ती काढली. तीत वाईट काहीच नव्हते. ती नसती तर बँकेत प्रत्येक पानाला पासवर्ड द्यावा लागला असता.

अडचण निर्माण झाली ती दुसऱ्याच प्रकाराने. आपण बातमीचे एक पान उघडतो तेव्हा त्यातला सर्वच मजकूर त्या वृत्तपत्राकडून येत नाही. जाहिरात एका तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावरून येते, एखादे चित्र चौथीकडून. ती तिसरी कंपनीदेखील आपल्या ब्राउझरकडे आपली चिठ्ठी ठेवून देते. पुढे आपण औषधाचे पान उघडतो, कर्जाचे उघडतो, मुलीसाठी स्थळे पाहतो. त्या सर्व पानांवर त्याच कंपनीची जाहिरात असेल, तर सर्व ठिकाणी तीच चिठ्ठी दाखवली जाते.

आपल्या आठवडे बाजाराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. समजा, एका परगावच्या माणसाने बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला एकेक फुकटची पाटी करून दिली आणि प्रत्येक पाटीखाली वही घेतलेले एकेक पोर बसवले. तुम्ही मिरचीच्या दुकानी गेलात, पोराने लिहिले, '४१७ नंबर, दोन किलो मिरची'. तुम्ही वैद्याकडे गेलात, तेथे नोंद झाली, '४१७ नंबर, खोकल्याचे औषध'. सावकाराच्या दारात गेलात, तीही नोंद झाली. संध्याकाळी सर्व वह्या एकत्र केल्या म्हणजे तुमच्या घरच्यांनाही जे ठाऊक नाही ते त्या परक्या माणसाला ठाऊक झालेले असते. तुमचे नाव त्याला कदाचित माहीत नसेल. पण ४१७ नंबराच्या माणसाला कोणत्या घडीला कोणत्या गोष्टीची निकड असते, हे तो विकू शकतो. दुकानदाराची स्वतःची चिठ्ठी ही सोय आहे, आणि पाटीखालच्या पोराची वही ही पाळत आहे. या दुसऱ्या जातीच्या चिठ्ठीला तृतीय पक्षाची कुकी म्हणतात, आणि ब्राउझरांनी जे बदल केले ते मुख्यतः हिला आवरण्यासाठी.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. हा धोका मागाहून कळला असे नाही. इंटरनेटचे तांत्रिक संकेत ठरवणाऱ्या आयईटीएफ या मंडळाने फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीविषयीचे पहिले संकेतपत्र प्रसिद्ध केले, त्यातच अशा परक्या चिठ्ठ्या वाचकाने मुद्दाम मुभा दिल्याखेरीज स्वीकारू नयेत, असे सांगितले होते. मोंटुली स्वतः त्याच्या दोन लेखकांपैकी एक होते. पण त्या काळच्या प्रमुख ब्राउझरांनी, म्हणजे नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या ब्राउझरांनी, तो सल्ला मानला नाही. मधल्या काळात या चिठ्ठ्यांवर जाहिरातीचा अवाढव्य धंदा उभा राहिला. नदीच्या पात्रात पहिली झोपडी पडली तेव्हा ती हलवणे सोपे असते. वस्ती झाली की पूररेषेचा नकाशा दाखवूनही कोणी हलत नाही.

सज्जनांची अडचण

येथे कोणी म्हणेल की, पाळत ठेवणारे अडचणीत आले तर येऊ द्यावेत. त्यांना मुदत कशाला? हा आक्षेप सबळ आहे, परंतु तो अपुरा आहे. कारण ज्या वाटेने पाळत ठेवणारा येतो, त्याच वाटेने पुष्कळ प्रामाणिक व्यवहारही चालतात. अर्जाच्या संकेतस्थळावरून बँकेच्या पानावर जाऊन परत येणे, एका खात्याच्या पासवर्डने दुसऱ्या सेवेत प्रवेश करणे, शाळेच्या पानात दुसरीकडचा पाठ किंवा नकाशा बसवणे, या सर्वांत एका संकेतस्थळाची चिठ्ठी दुसऱ्याच्या अंगणातून न्यावी-आणावी लागते. ब्राउझरने वाट बंद केली की चोराबरोबर पोस्टमनही अडतो.

क्रोमने २०२० मध्ये केलेला एक बदल याचे चांगले उदाहरण आहे. तोवरचा नियम असा होता की, संकेतस्थळाने काही सांगितले नसेल तर त्याची चिठ्ठी कोठूनही मागता येईल. नवा नियम नेमका उलट झाला: काही सांगितले नसेल तर चिठ्ठी घरच्या घरीच राहील, बाहेर न्यावयाची असेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि ती सुरक्षित मार्गानेच न्यावी. नियम शहाणपणाचा होता. पण ज्या संकेतस्थळांनी काहीच लिहिले नव्हते त्यांची संख्या थोडी नव्हती. बँकेचे पान ग्राहकाला परत पाठवी तेव्हा त्याची चिठ्ठी मागेच राहण्याचा धोका होता. हे ध्यानात घेऊन क्रोमने तात्पुरती सोय ठेवली की, नुकतीच दिलेली चिठ्ठी दोन मिनिटांपर्यंत अशा परतीच्या फेरीत चालेल. पण बँकेचा सांकेतिक क्रमांक मोबाईलवर येण्यास वेळ लागला, वडिलांना चष्मा शोधावा लागला, म्हणजे दोन मिनिटे केव्हाच संपतात. जेथे नेटवर्कसाठी गच्चीवर जावे लागते तेथील माणसाला दोन मिनिटांची सवलत किती पुरणार, हे श्रोत्यांना सांगावयास नको.

दुसरी गंमत अशी की, नव्या नियमाप्रमाणे चिठ्ठीवर जो शब्द लिहावयाचा, त्याचा अर्थ आयफोनच्या त्या वेळच्या बाराव्या आवृत्तीतील सफारी एका दोषामुळे उलटाच घेई. क्रोमसाठी जो शब्द 'जाऊ द्या' असे सांगे, तोच त्या सफारीला 'अडवा' असा ऐकू येई. म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्याला समोर कोण आहे ते पाहून वेगवेगळी चिठ्ठी लिहावी लागली. मोठ्या कंपनीला हे दोन दिवसांचे काम. पण ज्या संस्थेचे संकेतस्थळ पाच वर्षांपूर्वी कोणी कंत्राटदार करून देऊन निघून गेला, तिने काय करावे? आपल्याकडील पुष्कळशी सार्वजनिक संकेतस्थळे या दुसऱ्या जातीची आहेत. तेव्हा मुदत मागणारा प्रत्येक जण लबाड असतो हा समज खरा नाही.

२०२० चा वसंत

क्रोमचा हा बदल मे २०१९ मध्ये जाहीर झाला, आणि फेब्रुवारी २०२० पासून तो थोड्या थोड्या लोकांना लागू होऊ लागला. इतक्यात करोनाची साथ आली. २४ मार्च २०२० च्या रात्री आपल्या देशात टाळेबंदी जाहीर झाली. दुकाने, बँका, कचेऱ्या, शाळा बंद झाल्या आणि माणसाचा जगाशी संबंध उरला तो संकेतस्थळाच्या खिडकीतून. ३ एप्रिल रोजी क्रोमने जाहीर केले की, बँका, किराणा, सरकारी सेवा व आरोग्य यांची संकेतस्थळे या काळात अडखळू नयेत म्हणून हा बदल तात्पुरता मागे घेण्यात येत आहे. पुढे १४ जुलैपासून तो पुन्हा सुरू झाला आणि पार पडला. तीन महिन्यांहून थोडी अधिक मुदत दिली गेली. कारण उघड सांगितले गेले. ते संपताच नियम लागू झाला. मुदत कशी द्यावी याचे हे उदाहरण आम्हांला आदर्श वाटते.

योगायोगाची गोष्ट अशी की, ज्या २४ मार्चला आपल्याकडे टाळेबंदीची घोषणा झाली, त्याच तारखेला सफारीने तृतीय पक्षाच्या सर्व कुकी बंद केल्याचे जाहीर केले. म्हणजे एकाच हंगामात एकाने पाऊल मागे घेतले, दुसऱ्याने पुढे टाकले. मग सफारीने निष्ठुरपणा केला काय? तसे म्हणता येत नाही. सफारीने सुरुवातीपासून या कुकींवर काही बंधन ठेवलेले होते, आणि २०१७ पासून ते ती वर्षा-वर्षाने आवळत आणली होती. शेवटचा फास आवळला तेव्हा ज्यांना तयारी करावयाची होती त्यांची ती झालेली होती. घाट एकदम चढवला नाही. वळणे घेत घेत चढवला.

फायरफॉक्सने तिसरी रीत धरली. त्याने वाट बंद करण्याऐवजी प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी बरणी दिली. लोणच्याचा चमचा मुरंब्यात घालू नये, तसे एका संकेतस्थळावर ठेवलेली चिठ्ठी दुसऱ्यावर काढता येणार नाही. परकी कंपनी चिठ्ठी ठेवू शकते, पण वह्या एकत्र करू शकत नाही. हा बदल फेब्रुवारी २०२१ मध्ये ज्यांनी होऊन कडक रक्षण निवडले होते त्यांना, जूनमध्ये खासगी खिडकी उघडणारांना, आणि जून २०२२ मध्ये संगणकावरील सर्वांना लागू झाला. आधी हौशी, मग सावध, मग सारे, असा तो क्रम होता. काय मोडते ते थोड्यांत पाहून मग बहुतांना लागू करावयाचे.

मुदतीची सवय

आता दुसरी बाजू पाहू. तृतीय पक्षाच्या कुकी आपण दोन वर्षांत काढून टाकू, असे क्रोमने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले. आपल्याकडील बहुतेक मोबाईल अँड्रॉइडचे आणि त्यांवर क्रोम आलेले. तेव्हा या घोषणेचा आपल्याशी सर्वांत जवळचा संबंध. जून २०२१ मध्ये सांगण्यात आले की, २०२३ अखेर. जुलै २०२२ मध्ये सांगितले, २०२४ चे उत्तरार्ध. जानेवारी २०२४ मध्ये शंभरांतील एका वापरकर्त्यावर प्रयोग सुरू झाला. एप्रिल २०२४ मध्ये तारीख २०२५ वर गेली. जुलै २०२४ मध्ये सांगण्यात आले की, काढून टाकण्याऐवजी आम्ही वापरणाराला निवड देऊ. आणि एप्रिल २०२५ मध्ये, वेगळी विचारणाही करणार नाही. त्या कुकींच्या जागी जी नवी साधने घडवली जात होती, त्यांतली बहुतेक ऑक्टोबर २०२५ मध्ये गुंडाळण्यात आली.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, यात केवळ टाळाटाळ नव्हती. क्रोमचे मालक गूगल स्वतःच जाहिरातीचे सर्वांत मोठे व्यापारी. परक्या वह्या बंद झाल्या तर इतर व्यापारी आंधळे होतील आणि घरमालकाचीच वही उरेल, अशी रास्त शंका ब्रिटनच्या स्पर्धा नियंत्रक मंडळाने घेतली. जानेवारी २०२१ मध्ये त्याने चौकशी सुरू केली आणि पुढे गूगलकडून लेखी बंधने स्वीकारून घेतली. खासगीपणा आणि निकोप स्पर्धा ही दोन्ही हिताची तत्त्वे एकमेकांच्या आड आली. हे सारे मान्य केले तरी फळ काय मिळाले? ज्या संस्थांनी २०२० ची तारीख खरी मानून खर्च केला, त्या वेड्या ठरल्या. ज्यांनी हातावर हात ठेवले, ते शहाणे ठरले. पुढच्या वेळी कोणी तारीख सांगितली तर तिच्यावर विश्वास कोण ठेवील?

मुदत ही उधारी आहे, आणि उधारीला व्याज असते. शेतकरी मुदत मागतो तेव्हा व्याज तोच भरतो, म्हणून तो मुदत जपून मागतो. येथे मात्र चमत्कार असा की, मुदत मागतो संकेतस्थळवाला, देतो ब्राउझरवाला, आणि व्याज भरतो तो वाचक, ज्याला या व्यवहाराची वार्ताही नाही. जितके महिने मुदत वाढली तितके महिने त्याच्या नंबराची वही भरत राहिली. जो व्याज भरत नाही त्याला मुदत कितीही हवीच वाटणार. या प्रश्नाची गाठ आमच्या मते येथेच आहे.

नव्या पैशाचा धडा

मग योग्य मुदत कशी असते? उत्तरासाठी लांब जावयास नको. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली. सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. कायदा १९५५ मध्येच झाला होता. जुनी नाणी लगेच रद्द केली नाहीत; जुनी-नवी बरोबरीने चालू ठेवली. पावलीचे २५, अधेलीचे ५० असा मेळ बरोबर बसत होता. पण एका आण्याचे सव्वासहा पैसे होत, म्हणून कोष्टके छापली गेली. आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९. नाण्याचे नाव 'नवा पैसा' असे ठेवले तेही घोटाळा टळावा म्हणूनच; आणि लोकांच्या अंगवळणी पडल्यावर १९६४ मध्ये त्यातला 'नवा' हा शब्द गळाला. येथे अडाणी म्हणून कोणाची हेटाळणी झाली नाही आणि अडचण म्हणून तारीखही हलली नाही.

सर्वच बदल असे जुने-नवे बरोबरीने चालवून करता येत नाहीत. स्वीडनमध्ये वाहने रस्त्याच्या डावीकडून चालत. ती उजवीकडून चालवावयाचे ठरले तेव्हा काही गाड्या डावीकडून आणि काही उजवीकडून, अशी सवलत देणे शक्यच नव्हते. म्हणून १९६३ मध्ये निर्णय झाला, चार वर्षे तयारी झाली, आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सारा देश एकदम उजवीकडे वळला. पाहणाराला तो क्षणाचा बदल दिसला. त्यामागची चार वर्षे दिसली नाहीत.

ब्राउझरांच्या इतिहासातही असे एक यशस्वी उदाहरण आहे. संकेतस्थळ व वाचक यांतील मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो कुलूपबंद पाठवावा, हा नियम. सप्टेंबर २०१६ मध्ये क्रोमने सूचना दिली. जानेवारी २०१७ पासून पासवर्ड मागणाऱ्या उघड्या पानांवर 'सुरक्षित नाही' हा शेरा दिसू लागला, आणि जुलै २०१८ पासून सर्व उघड्या पानांवर. पान बंद पाडले नाही. फक्त वाचकाला खरे काय ते सांगितले. त्या शेऱ्याची लाज अनेकांना पुरली, आणि थोड्याच वर्षांत कुलूप हा अपवाद न राहता रीत झाली.

या उदाहरणांवरून मुदतीच्या अटी सांगता येतात. तारीख आगाऊ सांगावी, आणि संकटाखेरीज हलवू नये. संकट आले तर कारण उघड सांगून, पुढची तारीख बांधून हलवावी. बदल थोड्यांपासून बहुतांकडे न्यावा आणि काय मोडले ते मोजावे. मुदत सरसकट देऊ नये. ज्याच्या अडण्याने वाचकाचे काम अडते त्याला द्यावी, ज्याच्या अडण्याने केवळ पाळत अडते त्याला देऊ नये. हा भेद करता येतो. २०२४ च्या प्रयोगात क्रोमने जादा अवधीसाठी अर्ज मागवले तेव्हा जाहिरातीच्या संकेतस्थळांना त्यातून वगळले होते. आणि शेवटची अट ही की, मुदत चालू असेतोवर तिचे व्याज कोण भरतो आहे हे त्या भरणाऱ्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे.

आपल्या जिल्ह्यापुरते

शेवटची अट आम्ही मुद्दाम घातली आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी. पंतप्रधान त्यासाठी तेथे आले होते. माणसाला नंबर देण्याचा प्रारंभ ज्या जिल्ह्यात झाला, तेथे त्या नंबरामागच्या माणसाच्या खासगीपणाचा विचार व्हावा हे योग्यच आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांतही मुदत आहेच: मंडळाची स्थापना लगेच, संमती-व्यवस्थापकांची नोंदणी वर्षाने, आणि संस्थांवरील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, असेही या कायद्याने सांगितले आहे. हे अठरा महिने नव्या पैशाच्या मुदतीसारखे ठरतात की हलत्या तारखेसारखे, हे पाहण्याचे काम तुमचे-आमचे आहे.

संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. त्या बावीस भाषांत मराठी आहे. पण आपल्या डोंगराळ पट्ट्यात घराघरांत बोलली जाणारी भिली त्यांत नाही. म्हणजे व्याज भरणाऱ्यांपैकी पुष्कळांना हिशेब समजेल अशा भाषेत मिळणार नाही. ही उणीव कोणत्याही मुदतीने भरून येणारी नाही. ती शाळेने, ग्रामपंचायतीने आणि शिकल्यासवरल्या मुलामुलींनीच भरून काढावी लागेल.

तोवर प्रत्येकाने करण्यासारखे थोडेसे आहे. आपल्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तृतीय पक्षाच्या कुकी बंद करण्याची सोय असते. ती शोधून बंद करावी. एखाद्या जरुरीच्या संकेतस्थळाचे काम अडले तर त्या एका संकेतस्थळापुरती मुभा द्यावी, आणि काम होताच काढून घ्यावी. गावाच्या केंद्रावर, जेथे एकाच संगणकावर साऱ्या गावाचे अर्ज भरले जातात, तेथे बंधने कायमची काढून ठेवलेली नाहीत ना, हे विचारावे. आणि जेथे संकेतस्थळच अडते तेथे आपले रक्षण सोडण्याआधी त्या कचेरीला चार ओळींचे पत्र लिहावे की, तुमचे पान नव्या ब्राउझरमध्ये चालत नाही, ते दुरुस्त करा आणि केव्हापर्यंत करणार ते कळवा. मुदत द्यावयाची तर ती आपणही देऊ; परंतु तारीख घालून देऊ.